सिनेमा बघताना आणि करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी रात्री एक सिनेमा बघायचा, रविवारी त्यातलं एखादं दृश्य पुन्हा पुन्हा लावून पाहायचं आणि काही सापडलं तर त्यावर छोटा व्हिडिओ करायचा, असा माझा गेल्या बारा वर्षांचा परिपाठ आहे. नोकरीचा सिनेमाशी काही संबंध नाही, शिक्षणाचाही नाही. पण भाचरं, ऑफिसातल्या मैत्रिणी आणि व्हिडिओ पाहणारी अनोळखी माणसं तेच तेच प्रश्न मनापासून विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सलग वाचायची गरज नाही. तुमचा प्रश्न शोधा आणि तिथून सुरू करा.

सिनेमाचं हे वेड आलं कुठून?

आजीकडून. तिच्या लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मधोमध पडदा, पुढे पुरुष, मागे बायका. कापड पातळ असल्याने चित्र मागच्या बाजूलाही उमटायचं, पण उलटं. पाट्या वाचता यायच्या नाहीत, अर्थात आजीला तेव्हा अक्षरओळखही नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी त्यातलाच एक सिनेमा टीव्हीवर लागला आणि आजी एकदम म्हणाली, "अगं, ह्याने तलवार डाव्या हातात धरली होती की!" पन्नासेक वर्षं तिच्या मनात तो नायक डावखुरा होता. एवढं नीट लक्षात ठेवणारी प्रेक्षक मी दुसरी पाहिलेली नाही. तेव्हापासून कुणाच्या कुठल्या हातात काय आहे, हे बघायची मलाही सवय लागली.

'बारकाईने बघा' म्हणता, म्हणजे नेमकं काय करायचं?

सिनेमा पहिल्यांदा बघताना काहीही करायचं नाही. हसा, रडा, वेफर्स खा. दुसऱ्या दिवशी त्यातलं दोन-तीन मिनिटांचं एकच दृश्य निवडा, शक्यतो मनात रुतून बसलेलं.

आता ते चार वेळा बघा. पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद. नुसत्या चित्रावरून भांडण कुणाचं, वरचढ कोण, घाबरलंय कोण, हे कळतं का? दुसऱ्या वेळी फोन पालथा घाला आणि नुसतं ऐका. आता खोली मोठी वाटते की लहान? बाहेर पाऊस आहे का? पात्रं एकमेकांपासून किती लांब आहेत? तिसऱ्या वेळी कट मोजा. चित्र बदललं की टेबलावर बोट आपटायचं. कागदावर आकडा लिहा आणि कुठल्या जागी बोटं भराभर आपटली तेही लिहा. चौथ्या वेळी बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघा.

हे चौथं बघणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नवशिक्या दिग्दर्शकाचा कॅमेरा ज्याचं वाक्य त्याच्यावरच राहतो. मुरलेला दिग्दर्शक आणि संकलक मात्र वाक्य अर्ध्यात आलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातात, कारण गोष्ट तिथे घडत असते. मुलगी आईला सांगते, "मी उद्या जातेय." बातमी मुलीच्या तोंडून आली, पण आपल्याला बघायचे असतात ते आईचे पोळी लाटता लाटता थांबलेले हात.

असं चिरफाड करून बघितलं की मजा निघून जात नाही?

नाही. गाण्याला बसल्यावर ताल हाताने मोजणाऱ्याला गाणं कमी आवडतं असं कधी पाहिलंय का?

सुरुवात कुठल्या सिनेमापासून करू?

तुम्हाला आधीपासून आवडणाऱ्या कुठल्याही सिनेमापासून. तरी नावं द्याच असा आग्रह असतो, म्हणून तीन सांगते. यादी म्हणून घेऊ नका, प्रत्येकात एक-एक गोष्ट बघायला म्हणून घ्या.

दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन'. मूकपट आहे. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, तेव्हा जेमतेम सात वर्षांची. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती कॅमेऱ्यासमोर बसते आणि नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. बापाने जणू प्रेक्षकाला सांगितलंय की आधी हिची ओळख करून घ्या, मग तिला कृष्ण म्हणा. शंभर वर्षांपूर्वीची ती पोर डोळे मिचकावते तेव्हा माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

दुसरा, प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ सालचा 'कुंकू'. त्याबद्दल खाली आवाजाच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय. इथे एवढंच सांगते की प्रभातने तो हिंदीतही केला, 'दुनिया न माने' नावाने. दोन्हींत शांता आपटे आणि केशवराव दाते. एकच दृश्य दोन्ही भाषांत एकापाठोपाठ लावून बघा. भाषा बदलली की वाक्याची लांबी बदलते, आणि वाक्याची लांबी बदलली की नटाचं थांबणं, वळणं, मान वर करणं सगळंच किंचित सरकतं. अभिनयाचा याच्याइतका स्वस्त आणि चांगला धडा मला ठाऊक नाही.

तिसरा, २०१४ सालचा 'कोर्ट'. कंटाळा येईल असं बरेच जण सांगतील. कॅमेरा लांब उभा असतो, हलत नाही, आणि काम संपल्यावरही कट होत नाही. न्यायालयाला सुट्टी लागते त्या दृश्यात माणसं उठून जातात, शिपाई दिवे घालवतो आणि आपण अंधाऱ्या रिकाम्या खोलीत बसून राहतो. तुम्हाला कट कधी हवासा वाटला आणि तो कधी मिळाला, यातलं अंतर मोजा. त्या अंतरात खटला वर्षानुवर्षं चालणं म्हणजे काय ते कळतं.

पडद्यामागचे व्हिडिओ बघून खरंच काही शिकता येतं?

येतं, पण प्रसिद्धीसाठी केलेले आणि कामासाठी केलेले यात फरक करा. नट एकमेकांना मिठ्या मारताहेत, केक कापला जातोय, सगळे 'आमचं कुटुंबच झालं होतं' म्हणताहेत, ते व्हिडिओ सोडून द्या. एखादा साऊंडचा माणूस वाळूच्या ट्रेमध्ये पावलं आपटताना दिसला, किंवा लाईटदादा खिडकीबाहेर शिडीवर उभा राहून दुपारी चारचं ऊन 'तयार' करताना दिसला, की तो व्हिडिओ जपून ठेवा.

हा प्रकार इंटरनेटने आणला असं अनेकांना वाटतं. फाळक्यांनी १९१७ सालीच चित्रपट कसे तयार होतात यावर एक छोटी फिल्म केली होती. त्यातले थोडे तुकडे आजही बघायला मिळतात. फाळके स्वतः नटांना शिकवताहेत, फिल्म तपासताहेत. आपण कसं काम करतो हे लोकांपासून लपवायचं नाही, उलट हौसेनं दाखवायचं, हे त्यांच्या स्वभावातच होतं.

त्याआधीची गोष्ट तर फारच सुंदर आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर पैसे लावणाऱ्यांना पटवायचं कसं, हा प्रश्न होता. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडी थोडी फिल्म उडवत त्याचा वेल होईपर्यंत चित्रण केलं. पडद्यावर तो वेल एका दमात उगवला. पैसा उभा राहिला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. भारतीय सिनेमाचा पहिला नायक वाटाण्याचा दाणा आहे, असं मी पोरांना सांगते आणि त्यांना ते लगेच पटतं.

कट चांगला आहे हे ओळखायचं कसं?

तो जाणवत नाही, असं उत्तर नेहमी दिलं जातं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. काही कट जाणवण्यासाठीच असतात. मी वेगळा प्रश्न विचारते, कट झाल्यावर आपल्याला आधीपेक्षा जास्त काही कळलं का?

रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच भावशून्य चेहरा घेतला. त्याच्यापुढे एकदा सूपचा वाडगा जोडला, एकदा शवपेटी. लोकांना चेहऱ्यावर आधी भूक दिसली, मग दुःख. चेहरा तोच. हे तुम्ही घरी करू शकता. वडिलांना खिडकीबाहेर बघत बसवा, दहा सेकंद शूट करा. मग रिकामा पाळणा, लाईटचं बिल आणि अंगणात खेळणारं पोर असे तीन शॉट्स वेगवेगळे घ्या आणि एकेक जोडून बघा. तीन वेगळे वडील दिसतील. मी हे केलं तेव्हा आईने तिसरा तुकडा तीनदा लावायला सांगितला.

दुसरी खूण आवाजाची. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या आधी आला, म्हणजे आपण अजून स्वयंपाकघरात आहोत आणि एसटीचा हॉर्न ऐकू येतोय, की मन आधीच स्टँडवर पोचतं. मग चित्र बदलतं तेव्हा धक्का बसत नाही. पुढच्या वेळी सिनेमा बघताना हे शोधा. एकदा कळलं की जागोजागी सापडतं.

आणि ती 'रेषा'. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. ओलांडला की दोघंही एकाच दिशेला बघून बोलताहेत असं वाटतं. नियम मोडता येतो, पण आधी पाळून बघा.

नव्या टीव्हीवर चांगला सिनेमाही मालिकेसारखा का दिसतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याचे डोळे शाबूत आहेत, असं मी समजते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. मूकपटाच्या काळात हा वेग वाटेल तसा बदलायचा. १९२०च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले आणि आवाज फिल्मवरच छापला जाऊ लागला. मग वेग बदलला की आवाज चिरका किंवा घोगरा व्हायचा, म्हणून २४ हा आकडा पक्का झाला. त्या २४ चित्रांमधली किंचित अस्पष्टता आपल्या डोळ्यांना 'सिनेमा' म्हणून ओळखीची झाली आहे. नवे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रं तयार करून घालतात. हालचाल गुळगुळीत होते आणि सगळा सिनेमा लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसायला लागतो.

उपाय फुकट आहे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन' या शब्दाने सुरू होणारं किंवा त्याच्या आसपासचं जे काही असेल ते बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा. मी पाहुणी म्हणून गेलेल्या घरांतही हे विचारून बदलते आणि आजवर कुणी परत चालू केलेलं नाही.

तुम्ही सारखं आवाजाबद्दलच बोलता. एवढं काय आहे त्यात?

कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. परीक्षणात छायाचित्रणाला निदान एक ओळ मिळते. ध्वनीला तीही नाही.

'कुंकू'कडे वळते. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला ठाम नकार देते, ही गोष्ट. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि आवाजाने पडदा भरून टाकायची चढाओढ होती, अशा वेळी हा निर्णय. दुःखाच्या जागी व्हायोलिन नाही, रागाच्या जागी ढोल नाही. जे आवाज आहेत ते त्या घरातले, त्या प्रसंगातले. भिंतीवरचं घड्याळ टकटकतं आणि नवऱ्याचं सरत आलेलं आयुष्य ऐकू येतं. दोन माणसं एका घरात गप्प असली की घड्याळ किती मोठ्याने वाजतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

आता आजच्या काळात या. २०१६ चा 'सैराट' तुम्ही पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा. मी तो तालुक्याच्या गावी पाहिला. गाणं लागलं की पोरं पडद्यासमोर जाऊन नाचत होती, नाणी उधळत होती. शेवटी आवाज काढून घेतला जातो. लहान मूल घराबाहेर पडतं आणि काहीही ऐकू येत नाही. त्या सातशे-आठशे माणसांच्या थिएटरात मला भिंतीवरच्या पंख्याची घरघर ऐकू आली. मगाशी नाचणारा एक मुलगा खुर्चीच्या हातावर तसाच बसून होता. संगीताने आपल्याला काय वाटावं ते सांगितलं असतं. त्या शांततेत ज्याचं त्याला सोसावं लागलं.

आपल्याकडे अनेक वर्षं शूटिंगचा आवाज टाकून देऊन नट नंतर स्टुडिओत डबिंग करायचे. कारण आळस नव्हता. कॅमेरेच इतके घरघरायचे की सेटवरचा आवाज वापरण्याजोगा नसे, वर बघ्यांची गर्दी. मोठ्या हिंदी सिनेमांत २००१ सालच्या 'लगान'ने सेटवरच आवाज टिपायची पद्धत पुन्हा गांभीर्याने आणली. फरक ऐकायचा असेल तर उन्हातून धावत आलेल्या पात्राचा श्वास ऐका. खरा दम लागलेला माणूस वाक्य भलत्याच जागी तोडतो. एसी स्टुडिओत तो दम आणता येतो, पण तुटण्याची ती जागा आणणं फार अवघड.

मोबाईलवर शॉर्टफिल्म करायची आहे. कॅमेरा कुठला घेऊ?

कुठलाही घेऊ नका. हातातला फोन पुरेसा आहे. जे पैसे खर्च करायचे ते कॉलर माइकवर करा. तेही नसतील तर दुसरा फोन रेकॉर्डिंग लावून नटाच्या शर्टाच्या खिशात ठेवा. शॉटच्या सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवा. संकलन करताना टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की बाकी सगळं जुळतं. सेटवर क्लॅप देतात तो याचसाठी. अनेकांना तो शुभारंभाचा विधी वाटतो.

फोनच्या बाबतीत तीन कामं दर वेळी करा. रुमालाने लेन्स पुसा, चित्र धूसर येण्याचं पहिलं कारण बोटाचे ठसे असतात. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर पात्र हललं की चित्र उजळत-काळवंडत राहतं. आणि घरात ट्यूबलाईटखाली शूट करत असाल तर प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर त्या हिशोबात बसलं नाही की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. 'फोन बिघडलाय' म्हणून दुकानात नेलेल्या कितीतरी जणांना मी हे एवढंच सांगितलंय.

उजेडासाठी थर्मोकोलची शीट आणा. खिडकीशी पात्र बसवा, दुसऱ्या बाजूला थर्मोकोल धरा. चेहऱ्याची काळी बाजू हळूच उजळते. मोठमोठ्या सेटवरही हेच वापरतात. आणि थर्मोकोल नव्हता तेव्हा? सरस्वतीबाई फाळके उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या. शिवाय फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडे. त्यांचं नाव सिनेमाच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला हवं असं मला फार वाटतं.

घरात शूटिंग करताना सगळ्यात जास्त काय बिघडतं?

फ्रिज बिघडवतो. भाच्याच्या शाळेसाठी आम्ही चार मिनिटांची फिल्म केली होती. चित्रं सुरेख आली. संकलनाला बसले तेव्हा लक्षात आलं की काही शॉट्समध्ये फ्रिज चालू होता आणि काहींमध्ये बंद. एकाच संवादात दर कटला 'गुंऽऽ' सुरू व्हायचं आणि तुटायचं. दोन दिवसांची मेहनत होती, पोर रडवेलं झालं आणि मलाही खूप वाईट वाटलं. निम्मे संवाद पुन्हा रेकॉर्ड करावे लागले.

तेव्हापासूनचा नियम असा : शूटिंगआधी फ्रिज बंद करायचा आणि स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचा राहत नाही. ही युक्ती साऊंडवाले सगळीकडे वापरतात. पंखा बंद. शेजारच्या काकूंना कुकर कधी लावणार ते विचारून घ्या, त्या आनंदाने थांबतात. आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प राहून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कटच्या फटी बुजवायला तीच कामी येते.

रील्स आणि शॉर्ट्स हा सिनेमा आहे का?

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. प्रत्येक चित्र जेमतेम मिनिटाचं होतं. १८९९ साली सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. गोष्ट नाही, नट नाही, नुसती कुस्ती. त्याला आपण सिनेमा म्हणतो, तर शेतातल्या पोराने बैलाला पाणी पाजतानाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ वेगळा का काढायचा?

मला तक्रार लांबीची नाही, घाईची आहे. पहिल्या दोन सेकंदांत ओरडायचं, मजकूर नाचवायचा, संगीत कोंबायचं, याने नजर बिघडते. उभी चौकट मात्र मला आवडायला लागली आहे. दोन माणसं शेजारी बसवणं तिच्यात कठीण, पण विहिरीत पोहरा सोडणारी बाई, जिना, माडावर चढणारा माणूस, दहीहंडी यांना ती शोभून दिसते. आडव्या चौकटीसाठी सुचलेली गोष्ट उभ्यात कापू नका, एवढंच सांगणं.

सिनेमावर व्हिडिओ करताना त्यातली क्लिप वापरली तर चालते का?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी वाजवी प्रमाणात वापर करता येतो. 'दहा सेकंदांपर्यंत चालतं' अशी कुठलीही मर्यादा कायद्यात लिहिलेली नाही, तो गैरसमज आहे. तुम्ही त्या तुकड्याबद्दल काही बोलताय का, आणि लागतो तेवढाच घेतलाय का, हे महत्त्वाचं. नुसता सीन उचलून लावला आणि खाली 'काय अभिनय!' लिहिलं, तर ती समीक्षा होत नाही.

प्रत्यक्षात कायद्याआधी गाठ पडते ती यंत्राशी. व्हिडिओच्या मंचांवर आवाज आणि चित्र आपोआप ताडून बघितलं जातं आणि दावा येतो. तेव्हा घाबरू नका, आक्षेप नोंदवायची सोय असते. मी क्लिपचा मूळ आवाज कमी ठेवून वर स्वतः बोलते आणि जमेल तिथे क्लिपऐवजी स्थिरचित्र किंवा हाताने काढलेला आराखडा वापरते. आराखडा लोकांना जास्त कळतो, असाही अनुभव आहे.

चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणून जुन्या सिनेमांवर काम करायला मोकळीक आहे, त्याचा फायदा घ्या.

थिएटरात मोबाईल उचलून पडदा शूट करणं मात्र गुन्हा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड. स्टेटसला टाकायला 'एन्ट्री सीन' घेणाऱ्यांनी हे वाचावं.

जुने मराठी सिनेमे इतक्या वाईट प्रतीत का सापडतात?

कारण जे उरलंय तेच नशिबाने उरलंय. पूर्वीची फिल्म नायट्रेटची असायची. ती भडकन पेटते आणि नाही पेटली तरी सडते. चांदीसाठी रिळं वितळवली गेली ती वेगळीच. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर मूकपटांचा बहुतेक ठेवा संपला होता. हे संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर यांनी आयुष्य घालून गावोगावी फिरून डबे गोळा केले. फाळक्यांचं जे काही आपण आज बघतो त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी रिळं गेली. ती बातमी वाचलेला दिवस मला अजून आठवतो.

नेटवर प्रत निवडताना एक सोपी परीक्षा करा. चित्रात चाक, ताट किंवा घड्याळ शोधा. ते गोल दिसत नसेल तर चौकट ताणलेली आहे. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेले असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे असणंच योग्य. पट्टे घालवायच्या नादात कुणीतरी चित्र ताणतं आणि शांता आपटेंचा चेहरा रुंद होतो.

थिएटर की मोबाईल?

शक्य तेव्हा थिएटर, मधली रांग, उशिरा न जाता. पण ज्याच्या गावात थिएटर नाही त्याने मोबाईलवर बघताना अजिबात कमीपणा मानू नये. हेडफोन लावा आणि नोटिफिकेशन बंद करा.

पुण्याच्या संस्थेत प्रवेश मिळाला नाही. आता काय?

एफटीआयआय, म्हणजे पुण्याची ही फिल्म इन्स्टिट्यूट, १९६० साली प्रभातच्याच जागेवर उभी राहिली, तिथे शिकायला मिळालं तर उत्तमच. पण जागा मोजक्या. तिथे आणि चित्रपट संग्रहालयात मिळून होणारा चित्रपट रसास्वादाचा छोटा अभ्यासक्रम आहे, तो नोकरी करणाऱ्यांनाही जमतो. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून सिनेमे दाखवतंय. पुण्याचा चित्रपट महोत्सव आहे, गोव्यात २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. पणजीला मित्रमैत्रिणी मिळून एक खोली घ्या, दिवसाला चार सिनेमे बघा आणि रांगेत शेजारच्याशी बोला. रांगेतल्या ओळखींतून मला संकलन शिकवणारी मैत्रीण मिळाली.

जवळपास काहीच नसेल तर स्वतः सुरू करा. महिन्याचा एक रविवार, कुणाच्या तरी घराची पांढरी भिंत, भाड्याचा प्रोजेक्टर, सहा माणसं. सिनेमानंतर अर्धा तास बोलायचं आणि कुणी कुणाला गप्प करायचं नाही.

लहान मुलांना हे सगळं कसं शिकवायचं?

शिकवू नका, करायला द्या. माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट सांगितली तर तिने मूठभर मेथ्या कुंडीत पेरल्या. फोन ठेवायला विटांची रास केली, तिच्याभोवती खडूने चौकट आखली, आणि रोज सकाळी व शाळेतून आल्यावर एकेक फोटो. बारा दिवसांत चोवीस फोटो झाले. सेकंदाला २४ प्रमाणे लावले तर सगळं एका सेकंदात संपलं. तिचा चेहरा पडला. मग आम्ही सेकंदाला सहा लावले. चार सेकंद. माती फुटते, हिरवे ठिपके येतात, सगळे मिळून खिडकीकडे झुकतात.

सातव्या दिवशी तिच्या आजीने पाणी घालताना कुंडी फिरवली होती, त्यामुळे मध्येच सगळी रोपं एकदम उलट दिशेला वळलेली दिसतात आणि मग हळूहळू परत उजेडाकडे येतात. तो फोटो काढून टाकूया का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नको मावशी, तिथेच तर ती जिवंत दिसतात."